खाडाखोड

आमच्या घरातला एकमेव ऐतिहासिक दस्तऐवज म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं कॅलेंडर. ज्या दिवशी दूधवाला येत नाही, त्या दिवसाच्या चौकोनात आमची ही एक फुली मारते. त्या फुलीला खाडा म्हणतात. महिनाअखेरीला हिच्या हिशेबाने खाडे पाच भरतात आणि दूधवाल्याच्या हिशेबाने तीन. मग दूधवाला कॅलेंडरजवळ नाक नेऊन म्हणतो, "वहिनी, ह्या दोन फुल्या नव्या दिसायल्यात." यावर ही काय बोलते ते मी आजवर ऐकलेलं नाही, कारण त्या वेळी मी नेमका आंघोळीला गेलेला असतो. मी बी. कॉम. आहे, अंबाजोगाईच्या एका बँकेत वीस वर्षं कारकुनी करतो आहे. पण फुली कोणी मारली, कधी मारली आणि कोणत्या हेतूने मारली, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

बँकेत असली फुली चालत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा संगणक आलेले होते, पण जुनी लेजरं अजून माळ्यावर गेली नव्हती. आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला खोडरबर काढून घेतला आणि तो खिडकीबाहेर फेकला. म्हणाले, "आकडा चुकला तर खोडायचा नाही, गिरवायचा नाही, ब्लेडने खरवडायचा तर मुळीच नाही. त्यावर एक आडवी रेघ अशी मारायची की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही ठोकायची." मी विचारलं, "साहेब, पान घाण नाही का दिसणार?" ते म्हणाले, "घाण दिसू दे. स्वच्छ पान बघितलं की ऑडिटरला झोप येत नाही."

आता बीड जिल्ह्यात हिशेबाचा विषय निघाला की तो उसापर्यंत जातोच. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतल्या वाड्या-वस्त्या ट्रॅक्टरमध्ये चुली-भांडी, शेरडं-कोंबड्या भरून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला मुकादम आधीच रक्कम देतो, ती उचल. मग जेवढे टन तोडाल तेवढी मजुरी उचलीतून वजा. आजारपणाने, बाळंतपणाने किंवा मयतीला गेल्याने काम चुकलं, तर त्या दिवसाचा खाडा. त्याचा दंड उलट उचलीत मिळवायचा. शब्द तोच, खाडा. पण इथे आंघोळीला जाऊन सुटका होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की हिशेब होतो. हिशेबाची वही एकच असते आणि ती मुकादमाकडे असते.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची थोरली बहीण अशी दर वर्षी जाते. तिला आम्ही सगळेच मावशी म्हणतो. एकदा पट्टा पडल्यावर ती घरी आली आणि पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढून तिने माझ्यासमोर ठेवलं. पानाच्या पाठीवर नुसत्या उभ्या रेघा. टनांच्या वेगळ्या, खाड्यांच्या वेगळ्या. "दादा, एवढं मांडून द्या. मुकादम म्हणतोय फिटलं नाही."

त्या वेळी माझा भाचा पुण्याहून आलेला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. असं काही पाहिलं की आमच्या पिढीतली माणसं "अर्ज करू" म्हणत. या पिढीतली "ॲप करू" म्हणतात. भाचा म्हणाला, "मामा, याचं ॲप करू. मावशीच्या पोराच्या फोनवर रोज टन आणि खाडे भरायचे, बाकी आपोआप निघेल. आणि हे आपण ओपन सोर्स ठेवू."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या रीतीने हिशेब होतो ती सगळी उघडी. कोणीही बघावी, घ्यावी, सुधारावी. पैसे नाहीत."

मावशी एकदम पान आवरायला लागली. आपली उचल चौकात लागणार असं तिला वाटलं असावं. तेव्हा भाच्याने तिला समजावलं, की आकडे तिच्याच फोनमध्ये राहतील, उघडी राहील ती फक्त आकडेमोडीची रीत. कालवणाची कृती सगळ्यांना सांगायची, कालवण आपल्याच घरी. मावशीला ते पटलं. आतून ही म्हणाली, "आणि ह्या सगळ्यात तुझे मामा काय करणार?" भाचा म्हणाला, "मामा नियम सांगणार." नियम सांगणं हे काम मला आवडतं, ते घरी कोणी करू देत नाही.

भाचा पुण्यात, त्याचा एक मित्र माजलगावात आणि मी अंबाजोगाईत, असे आम्ही तिघे कामाला लागलो. भाच्याने दंडाचे, दराचे सगळे नियम एका साध्या फाइलीत सोप्या शब्दांत लिहून ठेवले होते, म्हणजे मलाही त्यात हात घालता यावा. इथेच तो चुकला. फायली व्हॉट्सॲपवरून ये-जा करू लागल्या. पहिलीचं नाव 'हिशेब'. मग 'हिशेब नवा'. मग 'हिशेब फायनल', 'हिशेब फायनल दोन', 'हिशेब फायनल मामांनी तपासलेला', 'हिशेब हाच घ्या' आणि त्यानंतर दोनच दिवसांनी 'हिशेब तो नको हा घ्या'. माझ्या फोनमध्ये एकूण एकोणीस हिशेब जमले आणि त्यांतले अकरा फायनल होते.

त्यांतल्याच एका फायनलमधून मी मावशीला पावती काढून दिली. बाकी अठरा हजार चारशे. मावशी ती घेऊन मुकादमाकडे गेली. मुकादमाच्या वहीत बाकी होती चौदा हजार नऊशे. त्याने माझी पावती दोनदा वाचली, मोठ्या आदराने घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "बँकेच्या साहेबांनी काढलंय म्हणल्यावर बरोबरच असंल. आपलंच चुकलं बघा." आणि वहीत चौदा हजार नऊशेचे अठरा हजार चारशे करून टाकले. माझ्या आकडेमोडीवर एक शब्दही न बोलता विश्वास ठेवणारा माणूस मला आयुष्यात प्रथमच भेटला आणि तो असा भेटला.

मावशी आली तेव्हा रडत नव्हती. नुसती दारात उभी होती. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

रात्री मी जुन्या पद्धतीने, कागदावर पेन्सिलने, सगळा हिशेब पुन्हा मांडला. खाडे सोडून बाकी निघत होती सहा हजार चारशे. खाडे बारा. कोयत्यामागे दंड दिवसाला पाचशे, म्हणजे सहा हजार. एकूण बारा हजार चारशे. मुकादमाने पाच खाडे जास्तीचे धरले होते आणि आमच्या यंत्राने एका कोयत्यात माणसं दोन म्हणून दंड दुप्पट लावला होता. मुकादमाने अडीच हजार वाढवले. आम्ही, गरिबांच्या भल्यासाठी, सहा हजार.

मी तिथल्या तिथे दोन्ही पोरांना फोनवर एकत्र बसवलं आणि "दंड दुप्पट कोणी केला?" असं विचारलं. भाचा म्हणाला मी नाही. माजलगावकर म्हणाला मी नाही. मग मी त्यांना जबाबदारी या विषयावर पाऊण तास ऐकवलं. त्यात हेडक्लार्क आले, खोडरबर आला, आजची तरुण पिढी आली. पोरं बिचारी ऐकून घेत होती. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, हे असंच होणार. आपल्याला व्हर्जन कंट्रोल पाहिजे."

व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय, हे त्याने सांगितलं आणि मला हेडक्लार्क आठवले. फाइलीत कोणी कोणती ओळ बदलली, कधी बदलली, आधी तिथे काय होतं आणि बदलण्याचं कारण काय, याची नोंद ठेवणारं हे साधन. चुकीवर आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. म्हणजे माळ्यावर टाकलेली आमची लेजरं ही पोरं अमेरिकेतून परत आणत होती. प्रश्न एवढाच होता की कोणतं साधन घ्यायचं.

माजलगावकर पूर्वी एका कंपनीत सबव्हर्जन वापरत होता. त्याची रीत अशी, की मूळ वही मध्यभागी एका जागी असते. ज्याला काम करायचं त्याने तिथून ताजं पान आणायचं आणि बदल करून तिथेच परत द्यायचा. मागचा सगळा इतिहास त्या मधल्या वहीत. मला ते फार आवडलं. हेड ऑफिस असल्याशिवाय मला सुरक्षित वाटत नाही. भाचा गिटच्या बाजूचा होता. गिट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेची गिट्टी आली, आणि आमच्याकडचे रस्ते आठवून मी नकोच म्हणालो. भाचा म्हणाला, "मामा, गिटमध्ये वही प्रत्येकाकडे असते. नुसतं शेवटचं पान नाही, पहिल्यापासून सगळी."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "म्हणजे तुमच्या त्या पहिल्या प्रकारात वही पुन्हा एकाच्याच घरी?"

सबव्हर्जन तिथे संपलं.

या गिटची जन्मकथा मोठी गमतीची आहे. लिनक्सवाले लायनस टोरवाल्ड्स आणि त्यांचे साथीदार आपलं काम बिटकीपर नावाच्या साधनात सांभाळत होते. ते साधन दुसऱ्याच्या मालकीचं, यांना अटींवर फुकट दिलेलं. २००५ साली मालकाने ती फुकट सोय काढून घेतली. दुसरा असता तर निवेदन देऊन उपोषणाला बसला असता. टोरवाल्ड्स एप्रिल महिन्यात कामाला बसले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचं साधन उभं केलं. इंग्रजी बोलीत गिट म्हणजे तिरसट, नतद्रष्ट माणूस. आपण वस्तूंना आपलंच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असं तेच गमतीने सांगतात. त्याच महिन्यात, त्याच कारणाने, मर्क्युरियल नावाचं दुसरंही एक साधन जन्मलं. ते काही कमी नव्हतं. पण नाव पाऱ्याचं, आणि पारा हातात टिकत नाही, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. भाचा म्हणाला, हे काही तांत्रिक कारण नव्हे. मी म्हणालो, मग बँकेत कर्ज नामंजूर कसं करतात ते तुला माहीत नाही.

गिटची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली चाळीस अक्षरांची एक खूण असते, आणि त्या खुणेत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. मागचं एक पान कोणी गुपचूप बदललं तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. इतिहास बदलता येतच नाही असं नाही; पण बाकीच्यांच्या वह्यांशी तो जुळत नाही आणि चोर उघडा पडतो. शब्दही ओळखीचे निघाले. कामाचा वेगळा फाटा काढला की ती ब्रँच. दोन ब्रँचा एक केल्या की मर्ज. मराठवाड्यातल्या बँकवाल्याला मर्ज शिकवावं लागत नाही. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत मिळाली, आणि आमच्या काही आजोबांच्या तोंडातून 'हैदराबाद बँक' हे नाव अजून मर्ज झालेलं नाही.

मी भाच्याला म्हणालो, हे काही तुम्ही नवीन काढलेलं नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला उतरता उतरता तीनशे वर्षांत कोणी शब्द बदलला, कोणी पदरची ओवी घुसडली. म्हणजे हिशेब फायनल, हिशेब फायनल दोन. पैठणला एकनाथमहाराजांनी प्रती ताडून पाहिल्या, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला, आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद लिहून ठेवली. मग विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांना आपल्याच जिल्ह्यात, बीडला पाटांगणावर, एक जुनी पोथी सापडली. ती नाथांच्याही आधीची आहे असं म्हणून त्यांनी ती १९०९ मध्ये छापली. विद्वानांत त्यावरून जुंपली.

"मग ती पोथी तपासायची ना," भाचा म्हणाला.

"ती पुढे नाहीशी झाली. कशी झाली याबद्दल निरनिराळं सांगतात."

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग हळहळून म्हणाला, "मामा, बॅकअप नव्हता."

यावरून आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. वह्या तिघांकडे असल्या तरी चारचौघांना दिसेल अशी एक जागा हवी. तिला होस्टिंग म्हणतात. ठेव कुठे ठेवायची हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या माणसाला विचारू नये. आमच्याकडे जादा व्याजाला भुलून ठेवी अडकवून बसलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे भाच्याने जागांची नावं घेतली की माझा प्रश्न एकच, "कधी बुडणार?"

भाचा प्रामाणिक आहे. म्हणाला, गूगल कोड नावाची जागा होती, २००६ मध्ये निघाली, २०१६ मध्ये बंद झाली. पण लोकांना जवळजवळ वर्षभर आधी कळवून, आपापलं सामान न्यायला वेळ दिला. मी थक्क झालो. कुलूप लावण्याआधी कळवलं? आमच्याकडे सोमवारी सकाळी शटर पाहूनच कळतं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलच्या वह्या ठेवणंच सोडून दिलं. (पारा टिकत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.) आमच्या पावतीवरची अक्षरं लोहित नावाच्या फॉन्टची आहेत, पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. त्याचं बिऱ्हाड फेडोरा होस्टेड नावाच्या जागेत होतं. ती २०१७ मध्ये बंद झाली. पण लोहित गेला नाही, कारण बिऱ्हाड उचलता येण्याजोगं होतं. त्याने दुसरीकडे चूल मांडली.

हे ऐकल्यावर मला एकदम ट्रॅक्टर दिसला. चुली-भांडी, शेरडं-कोंबड्यांसकट. ज्या जागेतून आपलं सगळं सामान एका खेपेत भरून निघता येतं, तीच जागा घ्यायची. मोठी की छोटी हा प्रश्नच नाही.

माजलगावकराचं म्हणणं, कोणावर विसंबायचंच कशाला? गिटलॅब स्वतःच्या यंत्रावर बसवता येतं, मामांच्या कपाटावर सर्व्हर ठेवू. हिने कपाटाकडे पाहिलं. कपाटावर उन्हाळ्यातले पापड, कुरडया, माझ्या सासूबाईंनी दिलेला पितळी हंडा आणि एक उंदीर असतो. शिवाय वीज. आमच्याकडची वीज ज्या वेळापत्रकाने जाते, ते पाहता आमचं ॲप आठवड्यातून दोनदा एकादशी धरलं असतं. ती सूचना बारगळली.

राहिली गिटहब आणि कोडबर्ग. गिटहब २००८ पासूनची; २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. म्हणजे वही फुकट, पण वाडा सावकाराचा. कोडबर्ग बर्लिनमधली, नफा न कमावणारी सभासदांची संस्था. मन कोडबर्गकडे ओढत होतं. पण मदतीला येणारी पोरं बहुतेक गिटहबवर. बाजार भरतो तिथेच दुकान मांडावं लागतं. तेव्हा ठरलं असं: दुकान गिटहबवर, हुबेहूब दुसरी प्रत कोडबर्गवर, पूर्ण वही तिघांच्या संगणकांत, आणि एक पेनड्राइव्ह हिच्याकडे. तो हिने देवघरात, दासोपंतांच्या पासोडीच्या फोटोशेजारी ठेवला. दासोपंतांनी चाळीस फुटी कापडावर ग्रंथ लिहिला, ते कापड आमच्या गावात चारशे वर्षं टिकलं आहे. पेनड्राइव्हला तेवढी संगत पुरेल असं हिचं मत पडलं.

भाच्याने मग एक उद्योग केला. व्हॉट्सॲपवरच्या एकोणीसच्या एकोणीस फायली तारीखवार लावल्या, जी ज्याने पाठवली ती त्याच्या नावावर, आणि एकामागून एक गिटमध्ये घातल्या. एका संध्याकाळी फोन आला. आवाज चाचरत होता. "मामा, गिटमध्ये ब्लेम नावाची एक आज्ञा आहे. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगते."

"मग? माजलगावकर ना?"

"दंडाची ओळ 'फायनल मामांनी तपासलेला'मधून आली आहे."

मला आठवलं. एका रविवारी, जेवण झाल्यावर, नियम चाळता चाळता मला वाटलं होतं, अरे, कोयता म्हणजे माणसं दोन, पोरांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही. आणि मी मोठ्या कर्तव्यबुद्धीने गुणिले दोन केलं होतं. सही केली नव्हती. वीस वर्षांत प्रथमच.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणत असाल तर ती नोंद काढून पहिल्यापासून नव्याने घालतो. अजून कोणी बघितलेलं नाही." गुणी पोरगा. मोहाचा तो क्षण मी नाकारत नाही. पाऊण तासाचं भाषण मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण खिडकीबाहेर फेकलेला खोडरबरही आठवत होता. मी म्हणालो, "राहू दे. खाली नवी नोंद कर." आणि कारणाच्या जागी काय लिहायचं तेही सांगितलं: 'दंड कोयत्यामागे एकच. आधीची चूक मामांची.'

रविवारी नवी पावती घेऊन मी मावशीबरोबर मुकादमाकडे गेलो. त्याने वही काढली. मावशीच्या नावापुढे चौदा हजार नऊशे गिरवून गिरवून अठरा हजार चारशे केले होते. सहीचा पत्ता नाही. नवी पावती बघून तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी अठरा म्हणलात, आज बारा म्हणताय. उद्या काय म्हणताल? मधी कुणी बदललं?"

मी फोन काढून त्याला ती ओळ दाखवली. तारीख, वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, माझं नाव. त्याने बोट लावून सावकाश वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "सोताचंच नाव घातलं व्हय?"

"चूक माझी होती."

तो काही बोलला नाही. पेन काढलं, अठरा हजार चारशेवर रेघ मारली आणि शेजारी पुन्हा चौदा हजार नऊशे लिहिले. "त्या पाच खाड्यांचं पुढं बघू."

"त्ये पाच दिवस आम्ही फडातच व्हतो," मावशी म्हणाली.

"पुढं बघू म्हणलं ना."

परतीच्या एसटीत मावशी खिडकीशी बसली होती. धारूरचा घाट उतरेपर्यंत बोलली नाही. मग विचारलं, "दादा, तुमच्या त्या फोनात कुणी बदललं ते दिसतंय ना?"

"दिसतं."

"आन् खोडलं तरी ऱ्हातंय?"

"राहतं."

मावशीने पदराच्या टोकाला पावती बांधली, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "मग मुकादमाला बी त्यात घ्या."